सुटते ते व्यसन, उरतो तो कोण?

हाताची घडी घाला पाहू. शाळेत बाईंनी शेकडो वेळा घालायला लावलेली असल्यामुळे ती तुम्हांला विचार न करता घालता येईल. आता खाली पाहा. कोणता हात वर आहे, डावा की उजवा? तो ध्यानात ठेवा आणि घडी सोडून पुन्हा घाला; मात्र या वेळी दुसरा हात वर आला पाहिजे. बहुतेकांची इथे धांदल उडते. कोणता हात कुठे खुपसायचा हेच क्षणभर कळत नाही, आणि घडी जमली तरी ती दुसऱ्याच कुणाच्या हातांची असावी असे वाटते.

समजा, तुम्हांला कुणी सांगितले की उद्यापासून जन्मभर घडी उलटीच घालायची. हे काही अशक्य नाही. पण दिवसातून दहा वेळा चूक होईल, आणि लक्ष जरा दुसरीकडे गेले की हात आपोआप जुन्याच वळणावर जातील. ही झाली एका साध्या, बिनमहत्त्वाच्या सवयीची गोष्ट. मग जी सवय मेंदूच्या रसायनांत उतरली आहे, जिच्याभोवती माणसाचा दिवस, त्याचे मित्र, त्याचा पैसा, इतकेच काय पण गावाने त्याला ठेवलेले नावसुद्धा गुंफले गेले आहे, ती सोडणाऱ्या माणसाचे काय होत असेल?

‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ ‘संकट’ असा आहे. व्यसन कसे लागते आणि त्यामुळे फुप्फुसाची, यकृताची, तोंडाची काय दशा होते, याची चित्रे तुम्ही शाळेतील तक्त्यांवर पाहिलीच असतील. ती खरीच आहेत. पण ती पाहून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही. संकटातून माणूस बाहेर पडतो तो कसा? आणि बाहेर पडतो तो कोण असतो? आत शिरला होता तोच माणूस, की दुसरा?

आवडणे आणि हवेसे वाटणे

सुरुवात एका उंदरापासून करू. १९५४ साली कॅनडातील मॅगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदराच्या मेंदूत एक बारीक तार बसवली. पिंजऱ्यातील कळ दाबली की त्या तारेतून क्षणभर अगदी सौम्य वीजप्रवाह जाई. तारेचे टोक मेंदूच्या काही ठराविक भागांत असले, की उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत राही. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तर काही उंदरांनी जवळचे अन्न सोडून कळच दाबणे पसंत केले. साहजिकच मेंदूच्या या भागाला ‘सुखकेंद्र’ असे नाव पडले, आणि तेथे पाझरणाऱ्या डोपामीन या रसायनाला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची प्रथा पडली. वर्तमानपत्रांत ती अजून चालू आहे.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशींवर कान लावून ठेवला. माकडाला अवचित फळाच्या रसाचे थेंब मिळाले की या पेशी कडकडून जाग्या होत. मग रसाच्या आधी एक दिवा लागू लागला. काही दिवसांनी काय झाले? पेशी दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस तोंडात पडला तेव्हा स्वस्थ राहिल्या. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर जेव्हा तो मिळायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. म्हणजे या पेशी सुखाची पावती देत नव्हत्या. सुख येणार आहे अशी वर्दी देत होत्या.

दुसरा पुरावा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातला. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी अशा उंदरांचा अभ्यास केला, ज्यांच्या मेंदूतील जवळजवळ सर्व डोपामीन नाहीसे करण्यात आले होते. हे उंदीर अन्नाकडे स्वतःहून जाईनात; भरवले नाही तर ते उपाशी मरतील अशी अवस्था. पण त्यांच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकला, की ते इतर उंदरांसारखेच मिटक्या मारत! गोडी शाबूत होती, ओढ मात्र गेली होती. यावरून या दोघांनी १९९३ साली एक सिद्धांत मांडला. एखादी गोष्ट ‘आवडणे’ आणि ती ‘हवीशी वाटणे’ ही मेंदूतील दोन वेगळी कामे आहेत; व्यसनात दुसरे वाढत जाते, पहिले वाढत नाही, उलट पुष्कळदा आटते.

हे पटवून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या एखाद्या आजीला विचारा, “आजी, यात मजा येते का गं?” ती म्हणेल, “मजा कसली मेली! लावली नाही तर डोकं उठतं.” बेरिज आणि रॉबिन्सन यांचा सिद्धांत या एका वाक्यात मावतो.

रस्सीखेच

आजीचे डोके का उठते, तेही पाहू. आपला मेंदू समतोल राखण्याच्या बाबतीत फार हट्टी आहे. बाहेरून आलेले रसायन त्याला एका बाजूला ओढू लागले, की तो तितक्याच जोराने दुसऱ्या बाजूला ओढू लागतो.

दारूचे उदाहरण घ्या. मेंदूतील चेतापेशींना आवरून धरणारे गाबा नावाचे रसायन आहे, आणि त्यांना उद्दीपित करणारे ग्लुटामेट नावाचे. मद्य पहिल्याला बळ देते आणि दुसऱ्याला दाबते. म्हणून पिणारा सैलावतो, त्याची जीभ जड होते, पाय लटपटतात. पण रोज रोज असे होऊ लागले की मेंदू आपली बाजू सावरतो. गाबाला प्रतिसाद देणे तो कमी करतो आणि ग्लुटामेटचा संदेश पकडणारे ग्राही वाढवतो. परिणामी पूर्वी एका पेल्यात जे होत होते त्याला आता चार लागतात. दोन्ही बाजूंनी दोर ताणलेला आहे, आणि मधला रुमाल जागच्या जागी आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटते, ‘याला दारू चढतच नाही!’

शाळेच्या मैदानावर रस्सीखेच चालू असताना एका बाजूच्या गड्यांनी दोर एकदम सोडून दिला तर काय होते? दुसऱ्या बाजूची सगळी रांग पाठीवर आपटते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी थांबवली, की त्याच्या मेंदूत हेच घडते. पहिल्याच दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत याचे भान राहत नाही. ही शेवटची अवस्था उपचार न मिळाल्यास प्राणघातक ठरू शकते. म्हणून, घरातील माणसांनी रागाच्या भरात बाटल्या फोडून, माणसाला खोलीत कोंडून दारू ‘सोडवणे’ हा उपाय नव्हे. डॉक्टर या दिवसांत मेंदू शांत ठेवणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात, म्हणजे दोर हाताहाताने सैल होतो. आणि जोडीला ब१ जीवनसत्त्व देतात, कारण फार पिणाऱ्यांच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो व त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हेरॉइन किंवा गर्द सोडताना झटक्यांचा धोका सहसा नसतो, पण हाल फार होतात. अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, थंडी वाजते. गर्द घेणारे या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. ‘कोल्ड टर्की’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचे हे आपल्याकडे वाढलेले पिल्लू. तंबाखूचे त्यामानाने सौम्य: चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे. पहिले दोनतीन दिवस सर्वांत वाईट, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो.

याचा अर्थ असा की शरीराची ओढाताण ही दिवसांची, फार तर आठवड्यांची बाब आहे. मेंदूची डागडुजी त्यानंतरही चालूच राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत निकोटीन पकडणारे ग्राही संख्येने वाढलेले असतात; ओढणे बंद केल्यावर सहा ते बारा आठवड्यांत ती संख्या न ओढणाऱ्यांइतकी होते, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवता आले आहे. मेथॲम्फेटामीन नावाच्या जहाल उत्तेजकाने मेंदूतील डोपामीन पुन्हा शोषून घेणारी यंत्रणा खिळखिळी होते. नोरा व्होल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अशा पाच जणांच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. साधारण वर्ष ते दीड वर्ष ते व्यसनापासून दूर राहिले होते, आणि ती यंत्रणा बरीच पूर्ववत झालेली दिसत होती. मात्र स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा दिसली नाही. पाच ही संख्या लहान आहे हेही लक्षात ठेवा. तरीही मेंदू दुरुस्त होऊ लागतो, ही गोष्ट तेव्हा मोठीच वाटली होती, आणि आजही ती मोठीच आहे.

टपरीचे वळण

शरीर काही आठवड्यांत निवळते, मग माणूस पुन्हा का घसरतो? लोक म्हणतात, ‘मनाचा कच्चा.’ हे उत्तर सोपे आहे, आणि सोप्या उत्तरांकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरा संशयानेच पाहावे.

अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी लोकांसाठी एक मोठे सरकारी रुग्णालय होते. तेथील डॉक्टर अब्राहम विकलर यांना १९४०च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कित्येक महिने अफूजन्य पदार्थांपासून दूर राहिलेले, ठणठणीत झालेले रुग्ण घरी परतत, आणि आपल्या जुन्या वस्तीत पाऊल टाकताच त्यांचे नाक वाहू लागे, डोळ्यांत पाणी येई, अंग दुखू लागे. शरीरात औषधाचा कण नाही, आणि तरी ‘टर्की’! विकलर यांना पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची आठवण झाली. घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. तसे ओळखीचा कोपरा पाहून या माणसांचा मेंदू रस्सीखेचीसाठी पाय रोवत होता.

मेंदू आपला प्रतिकार जागेशी जोडतो याचा भीषण पुरावा कॅनडातील शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली दिला. हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एकदा फार मोठी मात्रा देण्यात आली. नेहमीच्या खोलीत ती मिळालेले उंदीर सुमारे ३२ टक्के मेले. तेवढीच मात्रा अनोळखी खोलीत मिळालेले ६४ टक्के मेले. मात्रा तीच, उंदीर तसेच. फरक फक्त भिंतींचा. माणसांच्या बाबतीत यातून एक धोक्याची सूचना निघते. काही महिने दूर राहिलेल्या माणसाच्या शरीराचा सराव मोडलेला असतो. तो घसरला आणि त्याने पूर्वीच्याच हिशेबाने मात्रा घेतली, तर तीच त्याचा जीव घेऊ शकते.

पाव्हलॉव्हची आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. घंटा वाजवून खाणे दिलेच नाही, असे पुष्कळ वेळा केले की कुत्र्याची लाळ थांबते. पण दोन दिवस विश्रांती देऊन पुन्हा घंटा वाजवली की थोडी लाळ परत येते. म्हणजे जुना धडा पुसला गेलेला नव्हता. त्याच्यावर नवा धडा लिहिला गेला होता, आणि खालची अक्षरे मधूनमधून वर दिसत होती. तंबाखू सोडलेल्या माणसाला दोन वर्षांनी एस.टी. स्टँडवर कुणी चुन्याची डबी ठोकल्याचा आवाज ऐकून तलफ येते, ती अशी. यात त्याचा निश्चय कच्चा होता असे काही सिद्ध होत नाही.

विमानातून उतरलेले सैनिक

जागा बदलली तर काय होते, याचा एक प्रचंड प्रयोग इतिहासाने नकळत करून ठेवला आहे.

१९७१ साली व्हिएतनामचे युद्ध चालू असताना अमेरिकेत खळबळ उडाली. तेथे लढणाऱ्या सैनिकांत हेरॉइनचे व्यसन झपाट्याने पसरले असल्याची बातमी आली. हे हजारो तरुण मायदेशी परतल्यावर काय होणार? सरकारने ठरवले की विमानात बसण्यापूर्वी प्रत्येकाची लघवी तपासायची, आणि जो दोषी आढळेल त्याला आधी व्यसनमुक्त करून मगच पाठवायचे. परतलेल्यांचे पुढे काय झाले हे शोधण्याचे काम ली रॉबिन्स या संशोधक बाईंकडे सोपवण्यात आले. त्यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सुमारे नऊशे सैनिकांना गाठून मुलाखती घेतल्या.

जवळजवळ निम्म्या सैनिकांनी तेथे अफू किंवा हेरॉइन चाखले होते. पाचांतला एक जण तेथे व्यसनी झाला होता. आणि परतल्यानंतर? व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते फक्त ५ टक्के. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२ टक्के. त्या काळी हेरॉइनचा व्यसनी म्हणजे कायमचा गेला, असे समजत. त्यामुळे अनेकांचा या आकड्यांवर विश्वास बसला नाही, आणि रॉबिन्स यांना बरीच टीका सोसावी लागली.

या अभ्यासावरून ‘म्हणजे हेरॉइन तितके वाईट नाही’ असा निष्कर्ष काढणारेही महाभाग निघाले. तो साफ चूक आहे. हे तरुण काही महिनेच व्यसनात होते, आणि ज्या जंगलात, ज्या भीतीत, ज्या मित्रांबरोबर ते हेरॉइन घेत ते सगळे एका विमानप्रवासात हजारो मैल मागे राहिले. तुमच्याआमच्या गावातील माणसाला असे विमान मिळत नाही. त्याला त्याच गल्लीत, त्याच टपरीवरून रोज कामाला जायचे असते. आणखी एक गोष्ट अशी, की ते सैनिक परतले ते कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाच्या गॅरेजमधला कामगार म्हणून. गावात त्यांना कुणी ‘गर्दुल्ला’ म्हणून ओळखत नव्हते.

सहा वाजता काय करायचे?

आता आपण रसायनांतून निघून माणसाकडे आलो. रोज संध्याकाळी सहाला गुत्त्यावर जाणाऱ्या माणसाने दारू सोडली. उद्या सहा वाजता तो काय करणार? त्याचे मित्र तिथेच आहेत. हसणे, भांडणे, गाणे, सगळे तिथेच शिकला. घरात बसला तर मुले बिचकून दुसऱ्या खोलीत जातात. बायकोने घराचा सगळा कारभार केव्हाच आपल्या हाती घेतलेला असतो; तो तिने नाइलाजाने घेतलेला असतो, पण आता त्यात त्याला जागा नसते. दारू गेली की तिच्या जागी एक मोठी पोकळी राहते, आणि पोकळीत आपण कोण हे माणसाला कळेनासे होते.

पॅट्रिक बिअरनॅकी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील अशा १०१ माणसांना शोधून काढले, ज्यांनी कोणत्याही उपचाराशिवाय हेरॉइन सोडले होते. १९८६ साली त्यांचे पुस्तक आले. त्यात त्यांना तीन वाटा दिसल्या. काही जणांची जुनी ओळख व्यसनाच्या काळातही पुरती बिघडलेली नव्हती. ते तिच्याकडे परत गेले. काही जणांच्या अंगात व्यसनाच्या दिवसांतही एक दुसरी भूमिका तग धरून होती, ती त्यांनी वाढवत नेली. आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच उरले नव्हते, त्यांना अगदी नवीन ओळख घडवावी लागली. सर्वांत खडतर वाट यांचीच. पुढे २००० साली स्कॉटलंडमधील जेम्स मॅकिन्टॉश आणि नील मॅकेगनी यांनी ७० जणांच्या मुलाखतींवरून असेच काही मांडले: व्यसनातून बाहेर पडणारा माणूस आपली गोष्ट स्वतःला नव्याने सांगतो. पूर्वी ‘मजेचे’ वाटलेले दिवस त्या गोष्टीत वेगळे दिसू लागतात, आणि ‘मी मुळात असा नव्हतो’ हे त्याला कुठेतरी सापडते.

आपल्या भाषेत हा बदल कसा ऐकू येतो पाहा. ‘मी दारू सोडतोय’, ‘मला दारू चालत नाही’ आणि ‘मी पीत नाही’. पहिल्या वाक्यातला माणूस अजून दारूशी झगडतो आहे. दुसऱ्यातल्याला कुणी तरी मनाई केली आहे. तिसऱ्यातला माणूस स्वतःबद्दल सांगतो आहे. पहिल्या वाक्यापासून तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचायला कुणाला सहा महिने लागतात, कुणाला सहा वर्षे. काही जण जाणूनबुजून पहिल्यावरच थांबतात, कारण सावध राहण्यासाठी त्यांना तेच बरे वाटते. भाषेच्या शिक्षकांनी हा व्याकरणाचा धडा वर्गात जरूर घ्यावा.

नवी ओळख एकट्याने घडत नाही, ती कुणीतरी ओळखावी लागते. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फसले. हॉटेलात एकटा असताना मद्यशाळेतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याने काय केले असेल? टेलिफोन उचलून तो आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याचा पत्ता विचारत सुटला. असा त्याला डॉक्टर बॉब स्मिथ हा शल्यविशारद भेटला, जो स्वतः दारूत बुडाला होता. दुसऱ्याला वाचवण्याच्या नादात विल्सन स्वतः वाचला, आणि स्मिथने १० जून १९३५ नंतर दारूला स्पर्श केला नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना त्यातून उभी राहिली. यात नवल असे, की काल जो रोगी होता तो आज कुणाचा तरी आधार झाला. २०२० साली या पद्धतीवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ती इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीची किंवा त्यांहून थोडी सरस आढळली.

आपल्याकडे पुण्यात १९८०च्या दशकात गर्दने धुमाकूळ घातला, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी दिली आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. औषधोपचार तिथे आहेतच. पण योगासने, श्रम, संगीत, गटात बसून बोलणे यांनी तिथला दिवस भरलेला असतो. तिथले कित्येक समुपदेशक एके काळी तिथेच रुग्ण म्हणून दाखल झालेले होते. नव्याने आलेला, थरथरत्या हातांचा माणूस त्यांच्याकडे पाहतो तेव्हा त्याला एखादा तक्ता दाखवावा लागत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. घरातील एकाचे व्यसन सुटते तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच आपापली जागा नव्याने शोधावी लागते, हे सुनंदाताईंनी फार लवकर ओळखले होते.

एक आकडा शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावा. उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा घसरतात. निराशाजनक वाटते ना? पण रक्तदाब आणि दमा यांच्या रुग्णांतही उपचार ढिले पडून त्रास उलटण्याचे प्रमाण याच आसपास किंवा थोडे अधिकच आहे. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण आजोबांना ‘तुमच्या उपचारांवर पैसा वाया गेला’ असे म्हणत नाही. पुन्हा डॉक्टरकडे नेतो.

आता थोडे तुमच्याविषयी. नियोजन करणारा, मोहाला ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, त्यामुळे तुमच्या वयात लागलेली सवय मेंदूत सहज मुरते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून. कायदा किती पाळला जातो हे तुम्हीच शाळेच्या फाटकापासून पावले मोजून पाहू शकता. भूगोलाच्या प्रात्यक्षिकासारखा हा छान प्रकल्प होईल.

पण तुमच्यापैकी काही जण हा लेख वेगळ्या कारणासाठी वाचत असतील. घरात कुणीतरी पिते. रात्री दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो. तुम्ही चांगले गुण मिळवले असते, हट्ट केला नसता, तर बाबांनी प्यायली नसती, असे तुम्हांला कुणी सांगितले असेल किंवा तुमचे तुम्हांलाच वाटत असेल. वर पाहिलेल्या रस्सीखेचीत गाबा आहे, ग्लुटामेट आहे, टपरीचे वळण आहे. तुमचे प्रगतिपुस्तक त्यात कुठेच नाही. आणि वर्गात ज्याला ‘दारुड्याचा पोरगा’ म्हणतात असा कुणी असेल, तर ते नाव त्याच्यापुरतेच राहत नाही. त्याचे वडील सहा महिने केंद्रात राहून कोऱ्या मनाने गावात परत येतात, तेव्हा एस.टी.तून उतरताच पहिल्यांदा तेच नाव त्यांच्या कानावर पडते. विकलरच्या रुग्णांना वस्तीचा कोपरा जसा भेटला, तसे.

घरी परतलेल्या माणसाशी पहिल्या दिवशी फार बोलायला सुचत नाही, त्यालाही नाही आणि तुम्हांलाही नाही. अशा वेळी संध्याकाळी सहाला कॅरमचा बोर्ड मांडावा, सायकलचे पंक्चर काढायला त्याला बसवावे, दळण आणायला बरोबर जावे. मात्र टपरीच्या गल्लीने नको. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली आणि हात थरथरू लागले, झटके आले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. घरातून फोन करणे जमत नसेल, तर ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास आहे त्यांना मधल्या सुट्टीत गाठावे आणि तो त्यांना लावायला सांगावा.